थंड टायर खरां बोलता

आमच्या वाडीत सकाळी उठून कोणी तुळशीला पाणी घालतं, कोणी दात घासत बांधावर जाऊन बसतं. दिगू उठतो आणि टायरला हवा विचारतो.

थट्टा नाही करत. सूर्य माडांच्या वर यायच्या आत, तोंडसुद्धा न धुता, लुंगी गुडघ्यावर खोचून तो आपल्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसतो. हातात हवेचं मीटर. ते मीटर लोकरीच्या जुन्या मोज्यात गुंडाळलेलं असतं, थंडी वाजू नये म्हणून की काय, देव जाणे. व्हॉल्व्हची टोपी काढायची, मीटर लावायचं, आकडा तोंडातल्या तोंडात म्हणायचा, मग पुढच्या चाकाकडे सरकायचं. चार चाकं झाली की पुन्हा पहिलं, खात्रीसाठी. एकदा मागच्या उजव्या टायरात अर्धा पाऊंड कमी निघाला, तर दिगू त्या दिवशी जेवला नाही असं सुलूवहिनी सांगते. वहिनी वाढवून सांगते, पण फार नाही.

"एवढ्या सकाळी कित्याक रे?" मी एकदा विचारलं.

"थंड टायर खरां बोलता," दिगू म्हणाला. "गरम टायर खोटां बोलता. गाडी दोन मैल चालली की हवा फुगता आणि माणसासारखी फुशारकी मारूक लागता."

हा दिगू मुंबईत एका शेटकडे अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होता. शेट वारले, मुलं परदेशात. दिगू गावी परतताना त्यांनी शेटची गाडी त्याला देऊन टाकली. निळी, बुटकी, शर्यतीच्या जातीची, चारही चाकांनी ओढणारी. मुंबईच्या गुळगुळीत रस्त्यावर ती राजकन्या असेल. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या पाणंदीत ती पोटावर सरपटते. वाडीतल्या कोंबड्या दुसऱ्या गाडीखालून ताठ मानेने जातात, दिगूच्या गाडीखालून जाताना वाकतात.

आणि मी टायरवाला. मालवण-कुडाळ रस्त्यावर चाळीस वर्षं माझं पंक्चरचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत. पण टायरला अंगठा दाबला की हवा सांगतो, आणि एका पाऊंडाच्या पलीकडे चुकत नाही. दिगूला माझा अंगठा पटत नाही, मला त्याचं मीटर पटत नाही. त्यावर आमची दोस्ती उभी आहे.

"किती आसा?" तो विचारतो.

मी अंगठा दाबतो. "पस्तीस."

तो मोज्यातून मीटर काढतो. "साडेपस्तीस. चुकलंस."

"तुझां मीटर चुकला."

"ह्यां मीटर परदेशातसून इला हा!"

"माझो अंगठो परदेशात गेलो नाय म्हणान हंय रवलो. नायतर ठेवून घेतलो असतो तेंनी."

दिगूचा दुसरा आधार म्हणजे पुस्तक. गाडीबरोबर कंपनीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं आहे. दिगूचं इंग्रजी माझ्याएवढंच, म्हणजे आकडे येतात. पण टायरचं पान शेटनी त्याला सिग्नलवर थांबल्या थांबल्या इतक्या वेळा वाचून दाखवलं होतं की ते त्याला पाठ आहे. पुस्तक लाल फडक्यात बांधून देवघराच्या खालच्या फळीवर ठेवलेलं असतं. कुठलाही वाद निघो, दिगूचं शेवटचं वाक्य ठरलेलं. "पुस्तकात लिवलेला आसा." त्यावर वहिनी आतून विचारते, "बांगड्याच्या तिखल्यात तिरफळां किती घालूची, तां आसा काय पुस्तकात?" दिगू लाल फडक्याची गाठ आणखी घट्ट करतो. मला वाटतं, रात्री शोधून बघत असेल.

एकदा त्याचा मागचा डावा टायर जांभ्याच्या धारेने बाजूला फाटला. बाजूला फाटलेला टायर कोणी सांधत नाही. मी म्हटलं, एक नवीन घाल आणि मोकळा हो. दिगूने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला जमीन विकायला सांगितली.

"शिवा, तू रापणीक गेलंस मा कधी?"

"ज्वानीत रोज जाय होतंय." रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा उभ्या राहून ओढतात.

"मगे सांग, एक रांग लांब पावलां टाकूक लागली आणि दुसरी आखूड, तर काय होता?"

"जाळां वाकडां होता. मासळी जाता."

"तसांच ह्यां. ही चारय चाकां एकच रापण ओढतत. तीन टायर झिजलेले, ते बारके. चवथो नवो, तो उंच. तो सावकाश फिरतलो, ते तिगे जोरात. मगे भुतूर गियर एकमेकाच्या उरावर बसतत. टायर बदलूचो तर चारय. पुस्तकात लिवलेला आसा."

मी हट्टी माणूस आहे, पण रापण ओढलेला माणूस आहे. पटलं. पटलं असं सांगितलं मात्र नाही. चार टायर यायला अठरा दिवस लागले. तेवढे दिवस गाडी चिऱ्यांवर चढवून ठेवली होती, आणि दिगू रोज सकाळी हवेत लोंबणाऱ्या तीन चाकांना हवा विचारत होता.

आता वहिनीचं सांगायला हवं, कारण पुढची सगळी धावपळ तिच्यासाठी झाली.

सुलूवहिनी त्या गाडीत बसत नसे. आधी बसायची. मागच्या वर्षी जत्रेला जाताना गाडी एका स्पीडब्रेकरवरून अशी आपटली की वहिनीच्या कमरेतून कळ गेली ती राहिलीच. त्या दिवसापासून तिने सांगून टाकलं, "तुमच्या गाडयेपरीस माका यष्टी बरी." मग काय व्हायचं, तर वहिनी बाजाराला एसटीने जायची आणि एसटीच्या मागे दिगू, निळ्या गाडीत, एकटा. येताना बाजाराची पिशवी दिगूच्या गाडीत आणि वहिनी एसटीत. प्रत्येक थांब्यावर एसटी थांबली की दिगू मागे थांबायचा, आणि वहिनी खिडकीतून दुसरीकडे बघायची. कंडक्टर म्हणायचा, "काकी, तुमची फौज मागसून येता हा."

कंबर काही सुधारली नाही. शेवटी गोव्याच्या मोठ्या इस्पितळात मणक्याचं ऑपरेशन झालं. जाताना ॲम्ब्युलन्सने नेली. ती ॲम्ब्युलन्स जुनी, खालचे पाटे मोडायला आलेले. वहिनी सगळी वाट रडत गेली असं दिगूने मला सांगितलं आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांनी घरी न्या, झोपवून न्या, पण धक्का बसता कामा नये. दिगू थेट माझ्या दुकानात आला.

"शिवा, ती माझ्या गाडयेतसून घराक येतली."

"ती तयार आसा?"

"नाय. फोनवर म्हणता, तुमच्या गाडयेत बसण्यापरीस मी हंयच रवतंय, नर्सा बऱ्यो आसत."

"मगे?"

"मगे तू माका सांग. ही गाडी मऊ कशी करूची?"

दिगूने मला टायरमधलं काही विचारलं, असं पहिल्यांदा घडलं. मी हातातली पंक्चरची ट्यूब खाली ठेवली. मग बोललो, जे दोन वर्षं मनात होतं.

"तुझो ह्यो अठराचो टायर, ह्यो टायर नाय. बांगडी आसा. रिम मोठी, रबर चिमूटभर. खड्डो इलो तर धक्को खातलो कोण? रिम खायत नाय. खावक रबरच नाय. मगे खाता माणसाचो मणको."

"शेटनी घातलेलो टायर आसा तो," दिगू म्हणाला, पण हळू.

"शेटची बायको खंय पाणंदीतसून जाय होती?"

दुकानाच्या भिंतीवर मी कोळशाने गणित मांडलं. गाडीवर होता दोनशे पंचेचाळीस, चाळीस, अठरा: रुंदी दोनशे पंचेचाळीस मिलिमीटर, उंची रुंदीच्या शेकडा चाळीस, रिम अठरा इंची. म्हणजे रबराची उंची अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. रिम लहान करायची, रबर उंच करायचं, बाहेरून चाक मात्र तेवढंच ठेवायचं.

"नारळ तेवडोच," मी म्हटलं. "भुतूरची करटी बारकी आणि सोडण जाड. जाड सोडणाचो नारळ माडावरसून पडलो तरी फुटणा नाय."

सोडण म्हणजे नारळाची काथ्याची साल. दिगूच्या डोक्यात ते एकदम बसलं. मी सुचवला दोनशे पाच, साठ, सोळा. रबराची उंची एकशे तेवीस, आणि चाकाच्या उंचीत एका मिलिमीटरचासुद्धा फरक नाही. मी दोनदा केलं गणित. चौथीत मी नापास झालो होतो तो भूगोलात, गणितात नव्हे. सोळाच्या रिमा मागवल्या, वाजतगाजत दिगूच्या अंगणात नेल्या, आणि पहिलं चाक चढवायला गेलो तर ते बसेना. ह्या शर्यतीच्या गाडीचे ब्रेक हे एवढाले जबडे. रिम आतून त्यांना घासत होती. गणितात ब्रेक धरायचा मी विसरलो होतो.

दिगू बोलला असता तर बरं झालं असतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो फक्त म्हणाला, "सतराची बघूया." आणि घरात जाऊन माझ्यासाठी स्वतः चहा करून घेऊन आला. वहिनी नसल्यामुळे चहात साखर दोनदा पडली होती.

सतराची बसली. दोनशे पंचवीस, पन्नास, सतरा. रबर एकशे साडेबारा. चाक साडेतीन मिलिमीटर उंच झालं, तेवढ्यासाठी दिगूने मला तासभर छळलं, मग स्वतःच म्हणाला, "चारय सारखीच वाढली तर रापण वाकडी होवची नाय." ह्या मापाचे टायर कुडाळातच होते, आणि रिमा भंगारात जुन्या, रंग उडालेल्या मिळाल्या. शेटच्या चकचकीत रिमा उतरवून पडवीत भिंतीला टेकवल्या. निळी गाडी त्या नव्या चाकांवर अशी दिसत होती, जशी रेशमी साडी नेसलेल्या बाईने रबरी चपला घालाव्यात. वाडीतले लोक बघून हसले. दिगूने तिकडे लक्षच दिलं नाही.

राहिली हवा. आणि इथे माझे हाल सुरू झाले.

"शिवा, मागे आडवो पड."

"कित्याक?"

"तू पेशंट."

"पेशंट? मी तुझ्यापेक्षा दोन वर्सांनी बारको आसंय!"

"म्हणान काय झाला? तुझो मणको तिच्या मणक्याएवडोच जुनो. धक्को बसलो की बोलूचां. नुसता 'हूं' म्हटलंस तर चलता. 'आई गे' म्हटलंस तर हवा जास्त झाली. आणि शिवी दिलंस तर सगळांच चुकला."

मी उशी घेऊन मागच्या सीटवर आडवा पडलो. ह्या वयात, भर दिवसा, पाय दुमडून. पहिल्या दिवशी छत्तीस पाऊंड. कसालपर्यंत जाऊन आलो. मी चार वेळा "आवशीचो घो" म्हणालो, त्यातलं एक दिगूला उद्देशून होतं. पण लगेच हवा कमी करून पुन्हा बघायची सोय नाही. टायर गरम, म्हणजे खोटारडा. एका सकाळी एकच हवा. दुसऱ्या दिवशी तेहतीस. तीन "आई गे", शिवी नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, अर्धवट काय करतोस, अठ्ठावीसवर आण. मऊच मऊ. आणली. गाडी मऊ झाली खरी, पण वळणावर रिकाम्या होडीसारखी हेलपाटायला लागली. धक्का नाही, पण अंग ह्या कुशीवरून त्या कुशीवर. कुडाळच्या अलीकडे मी गाडी थांबवायला सांगितली आणि झुडपामागे जाऊन सकाळची पेज परत केली. दिगूने टायरला हात लावला. कडेने चटका बसेल एवढा तापला होता.

"हवा कमी झाली की रबर मुडपता आणि तापता," तो म्हणाला. "मऊ म्हणजे ढिलां नव्हे."

"पुस्तकात आसा?"

"नाय. तुझ्या पोटात होता."

चौथ्या दिवशी पुढे बत्तीस, मागे एकतीस. ह्या वेळी लांब जायचं ठरलं, इन्सुलीच्या तपासणी नाक्यापर्यंत, कारण वहिनी त्याच वाटेने येणार. दिगू खड्डे बघून चालवत होता, मी छताकडे बघत होतो. नाक्यावर पोलिसाने हात केला. खिडकीतून आत डोकावला तर मी आडवा, उशीवर डोकं, तोंडाने "हूं" चाललेलं.

"पेशंट कुठे नेताय?" त्याने विचारलं.

साहेब दिसला की दिगूची भाषा बदलते. "साहेब, हा पेशंट नाही. हा टायरवाला आहे."

"मग आडवा का?"

"टायर तपासतोय."

पोलिसाने एकदा टायरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग आम्हा दोघांनाही उतरवून तोंडाचा वास घेतला. गोव्याच्या वाटेवर दुसरं काय वाटणार त्याला? शेवटी मीच चिडून म्हटलं, "अहो, ह्याची बायको ऑपरेशन करून येणार आहे, तिला धक्का बसू नये म्हणून मला आधी आपटून बघतोय!" तो खूप हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "पुढच्या वळणानंतर रस्ता खणलाय, डावीकडून घ्या."

सगळ्या वाटेत माझे सात "हूं" झाले. "आई गे" एकही नाही. परत येताना नाक्याच्या जवळच्या टपरीवर चहा घेतला. दिगूला आनंद व्हायला हवा होता. तो ग्लास हातात धरून बसून राहिला.

"त्या दिवशी, जत्रेक जाताना," तो म्हणाला, "स्पीडब्रेकर माका दिसलोच नाय."

"गवत वाढलेला असतला."

"गवत नाय. ह्या गाडयेत समोर टायराची हवा दिसता. मी ती बघी होतंय. मागचो उजवो एका पाऊंडान वर गेललो." मग ग्लास बाकावर ठेवून, "ती शेजारी बसली होती, शिवा. आणि मी हवा बघी होतंय."

मी त्याचा गार झालेला चहा ओतून दिला आणि दोन गरम सांगितले.

ठरलेल्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. मागच्या सीटवर दोन गाद्या, चार उशा. इस्पितळाच्या दारात वहिनीला चाकाच्या खुर्चीतून आणली. फार वाळली होती. गाडी दिसताच तिने तोंड फिरवलं. मग पुन्हा वळून खाली बघितलं.

"हे टायर कोणाचे?"

"तुझे," दिगू म्हणाला.

"आणि शेटचे?"

"पडयेत आसत."

ती चाकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एक जरी हिसको बसलो तर मी इन्सुलीक उतरतलंय आणि यष्टी पकडतलंय."

"यष्टीच्या मागसून मी येतलंय," दिगू म्हणाला. हे त्याने विनोदाने म्हटलं नव्हतं, पण वहिनी हसली, आणि हसताना कंबर दुखली म्हणून त्याला बोल लावला. तिथेच मला वाटलं, ही येणार.

मी पुढे बसलो. सगळ्या वाटेत आम्ही दोघं म्हातारे कान मागे लावून. गोव्याची हद्द गेली. आवाज नाही. इन्सुलीचा नाका आला, गेला. आवाज नाही. दिगूच्या मानेवरून घाम उतरत होता, गाडीत गारवा असून. समोरचा हवेचा आकडा वर चढत होता, मला दिसत होता. दिगूने त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. तो रस्ता बघत होता आणि वरच्या आरशात वहिनीला. कुडाळ सोडल्यावर मी हळूच मान वळवली. वहिनी झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात गादीखाली लोंबत होता.

आमच्या पाणंदीच्या तोंडाशी दिगूने गाडी फणसाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. काचा खाली केल्या. इथून घर चाळीस पावलं, पण ती चाळीस पावलं सगळा जांभा. माझी बायको भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळायला आलीच होती. दिगू दार न वाजवता उतरला आणि तिला लांबूनच हाताने थोपवलं.

अर्धा तास गेला. मग आणखी अर्धा. दुपार चढली. दिगू गाडीला न टेकता उभा.

"हाक मार तिका," मी कुजबुजलो. "असो किती वेळ उभो रवतलंस?"

"दोन महिने झाले, शिवा, तिका धड झोप नाय. नर्सबाय सांगी होती." मग म्हणाला, "माका सवय आसा. शेट पार्टयेक जाय, पाच पाच तास गाडयेकडे उभो रवलंय. घड्याळ बघून बघून जीव जाय. तेव्हा ही हंय एकटी." त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. "आज काय घाई नाय."

माझ्या बायकोने भाकरीचा तुकडा पदराखाली झाकला आणि बांधावर बसली. मीही तिच्या शेजारी बसलो. फणसाची सावली सरकत सरकत पलीकडे गेली आणि गाडीच्या मागच्या खिडकीवर ऊन आलं. दिगू दोन पावलं डावीकडे झाला, उन्हाकडे पाठ केली, आणि त्याची सावली वहिनीच्या तोंडावर पडली तिथे तो थांबला.